लवणस्तंभ बघायला निघालोय

नववीच्या भूगोलात भूजलाच्या कार्याला फार पानं नसतात. ती पानं मी एकोणतीस वर्षं शिकवली. फळ्यावर आधी गुहेचं छत काढायचं, मग छतातून खाली लोंबणारा अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर चढणारा ऊर्ध्वमुखी, आणि शेवटी दोघं मिळून झालेला खांब. आकृती माझी सुबक यायची. आणि दर वर्षी मागच्या बाकावरचं एखादं पोर विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलंय हे?"

नव्हतं पाहिलं. सांगलीला कृष्णेच्या काठी पायाखाली सगळा काळा बेसॉल्ट. अजिंठा, वेरूळ, कार्ला इथली लेणी माणसांनी छिन्नीनं कोरलेली. पाण्यानं खडक विरघळवून केलेली गुहा आपल्या बाजूला कुठली असायला? देशात बोरा आहे, बेलम आहे, मेघालयात तर रग्गड आहेत, पण नोकरी, घर आणि परीक्षांचे गठ्ठे यांतून तिकडं जाणं राहूनच गेलं.

मार्चअखेर निवृत्त झाले. नोव्हेंबरात ताई आणि मी व्हिएतनामला निघालोय. दोघींचा पहिला परदेश प्रवास. बारा रात्री, शहर, खेडं आणि बेट. गेले चार महिने हा बेत आखण्यात मी इतकी रमले आहे की तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटला. आमच्यासारखं कुणी साठीच्या आसपासचं, सावकाश फिरू इच्छिणारं असेल तर त्याला यातलं काही उपयोगी पडेल.

आधी ताकाची गोष्ट सांगते, कारण सगळा बेत तिच्यावर उभा आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका सहल कंपनीबरोबर राजस्थानला गेलो होतो. आठ दिवसांत सहा शहरं. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, सहाला बॅगा बाहेर, सातला बस. जैसलमेरचा किल्ला अजून माणसांनी गजबजलेला आहे, आत घरं आहेत, संसार आहेत. तिथं आम्हाला पंचेचाळीस मिनिटं मिळाली. ताईचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. ती एका घराच्या पायरीवर टेकली. घरातल्या बाईनं तिला बघितलं आणि आतून ताकाचं भांडं आणून पुढं केलं. तेवढ्यात आमच्या गाइडची शिट्टी वाजली. ताक तसंच राहिलं. राजस्थानचा विषय निघाला की ताई आजही किल्ल्याबद्दल बोलत नाही. त्या बाईला आपण ताक परत दिलं, तिला काय वाटलं असेल, एवढंच म्हणते.

म्हणून या वेळी आम्ही ठरवलं की समोर आलेलं ताक पिऊन व्हायला हवं. बाकीचं त्यानंतर.

व्हिएतनामच्या सहलींची पत्रकं मी गोळा केली होती. बहुतेकांत हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी हे सगळं आठ-नऊ दिवसांत बसवलेलं. नकाशा उघडला की यातली मेख कळते. हनोईहून हो ची मिन्ह सिटीपर्यंत रेल्वेचा मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. देश लांबोडका, अरुंद. दोन टोकं गाठायची म्हणजे मधली विमानं आली आणि प्रत्येक विमान एक दिवस खातं. मी पेन्सिलनं उत्तरेभोवती एक गोल काढला आणि बाकीचा देश सोडून दिला. सोडताना वाईट वाटलं. होई आनचे कंदील मलाही बघायचे होते. पण आमचा फेरा आता एकूण चारशे-साडेचारशे किलोमीटरांत आटोपतो, सांगली-मुंबईपेक्षा थोडाच जास्त.

त्या गोलात काय येतं ते बघा. हनोई. तिथून दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या आत निन्ह बिन्ह. आणि पूर्वेला समुद्रात कॅट बा बेट. ही तीन नावं सोयीनं एकत्र आली असं मला सुरुवातीला वाटलं होतं. वाचत गेले तसं लक्षात आलं की ही एकच गोष्ट आहे.

हनोईचं जुनं नाव थांग लाँग. लाँग म्हणजे ड्रॅगन, थांग लाँग म्हणजे वर चढणारा ड्रॅगन. १०१० साली ली थाय तो या राजानं आपली राजधानी इथं आणली. नदीतून येताना त्याला सोनेरी ड्रॅगन आकाशात झेपावताना दिसला अशी कथा आहे. त्यानं राजधानी आणली कुठून? होआ लूहून. होआ लू म्हणजे आजच्या निन्ह बिन्हजवळचा चुनखडीच्या सुळक्यांनी वेढलेला परिसर. आणि कॅट बा ज्या समुद्रात आहे त्याच्या शेजारच्या उपसागराचं नाव हा लाँग, उतरलेला ड्रॅगन. शत्रूची जहाजं अडवायला एक ड्रॅगन आभाळातून खाली आली, तिनं तोंडातून रत्नं टाकली आणि त्यांची बेटं झाली, अशी ही दुसरी कथा.

आता भूगोल. निन्ह बिन्हचे सुळके आणि कॅट बाभोवतीचे सुळके एकाच जातीचे, चुनखडीचे. समुद्राच्या तळाशी साचलेल्या जिवांच्या कवचांपासून हा खडक होतो. मग तो वर उचलला जातो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि भेगाभेगांतून शिरून लाखो वर्षं त्याला विरघळवत राहतं. उरतात ते सुळके आणि त्यांच्या पोटातल्या गुहा. निन्ह बिन्हला ते सुळके भातशेतीत उभे आहेत. कॅट बाला शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली आणि तशाच सुळक्यांच्या मधल्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. आज त्यांना आपण बेटं म्हणतो. एवढंच नाही, निन्ह बिन्हच्या सुळक्यांनाही एकेकाळी समुद्राच्या लाटा लागत होत्या, पायथ्याशी त्यांच्या खाचा अजून दिसतात म्हणे. म्हणजे खेड्यात जे कोरडं बघायचं तेच चार दिवसांनी बेटावर बुडालेलं बघायचं. हे उमगलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ताईला फोनवर अर्धा तास शिकवलं.

ती म्हणाली, "अगं, पण मला चढायला किती लागेल ते सांग."

तिकडं येतेच. आधी रात्री.

आमच्या बेताचं एकक रात्र आहे. दिवस मोजले की माणूस फसतो, कारण प्रवासाचा दिवसही दिवसच धरला जातो. मी कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं आणि रात्रींवर पेन्सिलनं खुणा केल्या. हनोईत चार, ताम कॉकला चार, कॅट बावर तीन आणि परत हनोईत एक. गादी चार वेळाच बदलायची. ती शेवटची हनोईची रात्र काढून बेटावर चौथी रात्र घालावी असं भाच्याचं मत होतं, पण मी ऐकलं नाही. बेटावरून सुटण्यात बोटीचा हिस्सा असतो. वारा सुटला की बोटी बंद ठेवतात. बेटावरून उठून त्याच दिवशी विमान पकडायचं ही धाकधूक मला नको.

तारखांचा घोळ जास्त झाला. उत्तर व्हिएतनामला आपल्यासारखा एकसुरी उन्हाळा-पावसाळा नसतो. तिथं थंडी पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक रिमझिम आणि धुकं, समोरचा सुळकाही दिसायचा नाही. त्याच सुमारास त्यांचं नववर्ष, तेत, येतं. दुकानं बंद, गाड्या तुडुंब. मेअखेर-जूनमध्ये ताम कॉकचं भात पिवळंधमक होतं, नदीच्या दोन्ही काठांना सोनं. पण तेव्हा उकाडा असतो, आणि ताईला उकाडा सोसत नाही. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानं हाय फोंग आणि हा लाँगचा किनारा झोडपून काढला होता. उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबर. कोरडी हवा, दुपारी उबदार, रात्री शाल. भात कापून झालेलं असेल, शेतात पाणी उभं असेल. पिवळं भात दिसणार नाही हे मी मान्य केलंय.

त्यात ताईची अट, तुळशीचं लग्न लावल्याशिवाय घर सोडणार नाही. तिच्या घरी ते द्वादशीला असतं. म्हणजे द्वादशीला मंगलाष्टकं, रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर डोंबिवलीत भाच्याकडं आराम आणि रात्रीचं थेट विमान. पाच तासांच्या आसपास उड्डाण. घड्याळ दीड तास पुढं करायचं. पहाटे हनोई.

आणि मग कार्तिकी पौर्णिमा हनोईत येते! ही गोष्ट मला नंतर कळली आणि फार आवडली. व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहार करतात. देवळात जातात, घरी उदबत्त्या लावतात. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे त्यांचा पंधरावा दिवस आपल्या पौर्णिमेच्या आगेमागे. ताई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी मासे खाते. तिला तिथं काय मिळणार ही सगळ्या नातेवाइकांची पहिली काळजी होती. आता मी त्यांना कालनिर्णय दाखवते आणि सांगते, आम्ही उतरू तेव्हा अख्ख्या गावात उपासाचं खाणं चालू असेल.

तरी अभ्यास लागतोच. तिथं शाकाहाराला 'चाय' म्हणतात, आपल्या कानाला हिंदीतल्या चहासारखाच शब्द, फक्त थोडा आखूड. 'कोम चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. अशा पाट्यांची जेवणघरं गावोगाव असतात, टोफू, अळंबी, पालेभाज्या, भात. पण हाच शब्द सूर वर चढवून म्हटला की त्याचा अर्थ करपलेला असा होतो. 'कोम चाऽय' चढत्या सुरात म्हणजे भाताची खरपुडी, तळून कुरकुरीत केलेली. ती निन्ह बिन्हची खासियत आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा मांसाचा रस्सा किंवा डुकराच्या मांसाचा चुरा घालतात. म्हणजे ताईचा सूर चुकला तर ताटात भलतंच येणार. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत. ताईनं लहानपणी चार वर्षं गाणं शिकलेलं आहे, त्याचा उपयोग आता होतोय. शिवाय माशाचं खारवलेलं पाणी, 'न्योक माम', हे तिकडं आपल्या फोडणीसारखं सगळ्यात असतं, भाजीतसुद्धा. म्हणून मी एका कागदावर व्हिएतनामीत लिहून घेतलंय: मी मांस, मासे, अंडी आणि माशाचं पाणी खात नाही. त्याच्या चार प्रती काढल्या, एक ताईच्या पर्समध्ये, एक माझ्या, दोन बॅगांत. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आहेतच. दशम्या दोन-तीन दिवस टिकतील.

हनोईबद्दल. पहिल्या दिवशी काहीही नाही. विमान पहाटे पोचतं आणि खोली दुपारी दोनला मिळते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी आदल्या रात्रीचे थोडे पैसे भरून खोली सकाळीच मिळेल असं लेखी घेतलंय. त्या पैशांना ताईनं आधी नाक मुरडलं, पण रात्रभर न झोपलेला गुडघा घेऊन लॉबीत सहा तास बसायचं काय ते मी तिला समजावलं. खोली होआन कीम तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. लिफ्ट आहे ना, हे मी तीनदा विचारलं. जुन्या भागातल्या इमारती अरुंद आणि उंच असतात, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते किंवा ती दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते.

होआन कीम म्हणजे परत केलेली तलवार. ले लोय राजानं मिंग चिन्यांना हाकललं, १४२८ मध्ये गादीवर बसला, आणि ज्या दैवी तलवारीनं लढला ती या तळ्यातल्या कासवानं परत मागून घेतली. भवानी तलवारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हा दोघींना ही कथा परकी वाटलीच नाही. आपल्या गोष्टीत देवी तलवार देते, यांच्या गोष्टीत देव ती मागून घेतो. युद्ध संपलं, आता ठेव म्हणतो. मला हे फार मोठं वाटतं. तळ्याभोवतीची पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आतली आहे, सपाट, बाकं ठिकठिकाणी. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत भोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. आमच्या चार दिवसांतली ठरलेली गोष्ट एवढीच, रोज सकाळी ही फेरी.

बाकी एकच ठिकाण मी मनात धरलंय, वान मिएउ. १०७० साली कन्फ्यूशियसच्या नावानं उभारलेलं विद्यामंदिर. तिथं दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर राज्याची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत, १४४२ पासून १७७९ पर्यंतची. शाळेत आम्ही दहावीत पहिल्या आलेल्यांची नावं रंगानं फळीवर लिहायचो. फळी भरली की जुनी पुसून नवी. पाचशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचं गाव आजही वाचता येतं अशा जागी मला नुसतं उभं राहायचंय.

हो ची मिन्ह यांचं समाधीस्थळ सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं, इतर दिवशी सकाळी लांब रांग. ते आम्ही बाहेरून बघू. एका संध्याकाळी पाण्यावरच्या बाहुल्या. भातशेतात गुडघाभर पाणी साचायचं त्या पाण्यावर लाल नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ही कला उभी केली. बाहुल्या नाचवणारे पडद्यामागं कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ताईनं पाहिल्यात, तिला तुलना करायची आहे. कॉफीचं असं आहे की हनोईची अंड्याची कॉफी प्रसिद्ध, १९४६ मध्ये दुधाचा तुटवडा होता तेव्हा हॉटेलातल्या एका माणसानं अंड्याचा बलक फेटून घातला तिथपासूनची. ती मी पिईन. ताईसाठी नारळाच्या दुधाची.

रस्ता ओलांडण्याचं तंत्र भाच्याच्या मित्रानं सांगितलं. दुचाक्यांचा पूर थांबत नाही. आपण हळू, एकाच वेगानं चालत राहायचं, मध्येच थबकायचं नाही की पळायचं नाही. ते आपल्याला वळसा घालतात. ताईला पळता येतच नाही, त्यामुळं तिला हे जमेल असं मला खात्रीनं वाटतं.

निन्ह बिन्हला रेल्वेनं सव्वादोन-अडीच तास. गाडी मुद्दाम दुपारची घेतली, म्हणजे सकाळची तळ्याची फेरी बुडत नाही. मुक्काम निन्ह बिन्ह शहरात न करता ताम कॉक गावात, एका कुटुंबाच्या घरगुती मुक्कामात. तळमजल्याची खोली, समोर कमळांचं तळं आणि मागं सुळका. घरमालकिणीशी भाषांतराच्या ॲपवरून माझा पत्रव्यवहार चालू आहे. तिनं विचारलं, काय काय बघायचं आहे? मी लिहिलं, पहिल्या दिवशी तुमचं अंगण. तिनं हसरा चेहरा पाठवला आणि विचारलं, आईला चहा कसला आवडतो? मी कळवलं की ती आई नाही, मोठी बहीण आहे. ताईला हे सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "आलं घातलेला सांग."

इथंच लवणस्तंभ आहेत. ताम कॉक म्हणजे तीन गुहा. न्गो डोंग नदीतून होडी शेतांमधून जाते आणि तीन वेळा डोंगराच्या पोटातून आरपार निघते. होडी वल्हवणारी माणसं मागं रेलून पायांनी वल्ही मारतात. दुसरं ठिकाण त्रांग आन, २०१४ पासून जागतिक वारसा, निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. तिथं माणसाच्या वस्तीच्या तीस हजार वर्षांहून जुन्या खुणा सापडल्या आहेत. त्रांग आनला होडीचे वेगवेगळे मार्ग आहेत आणि साधारण तीन तास लागतात. एका मार्गात नऊ गुहा, आणि एकात जवळपास एक किलोमीटर लांबीची एकच गुहा आहे. ती मला हवी आहे. एक किलोमीटर अंधारात, डोक्यावर हात लावता येईल इतक्या उंचीवर छत, आणि वल्ह्याचा आवाज. हात लावायचा नाही, हे मी मुलांना शिकवलंय. बोटांचं तेल लागलं की तिथं पुढचा थर बसत नाही.

ताईचा प्रश्न होडीत चढण्या-उतरण्याचा. मार्गावर देवळांपाशी होडी थांबते, उतरावं लागतं, पायऱ्या असतात. मी मालकिणीला विचारलं, तर न उतरता होडीत बसून राहिलं तरी चालतं म्हणाली. छोटी उशी बरोबर ठेवा, फळी कठीण असते, हेही तिनंच सांगितलं. ताम कॉक आणि त्रांग आन वेगवेगळ्या दिवशी. मधला दिवस मोकळा. तो दिवस रिकामा का, असं भाच्यानं विचारलं. तो ताकाचा दिवस आहे.

हांग मुआचा डोंगर मी एकटीनं चढणार. पाचशेच्या आसपास पायऱ्या, वर ड्रॅगनचा पुतळा आणि खाली अख्खं ताम कॉक. पहाटे उघडल्या उघडल्या जाऊन गर्दीच्या आधी उतरायचं. ताई तोवर अंगणात. पायऱ्यांवरून आमच्यात थोडं वाजलं. मी जात नाही म्हणाले, एकटी कशी ठेवू तुला. ती चिडली. "माझ्यासाठी तू खाली बसलीस तर मला घरी बसल्यासारखंच होईल." तिचं बरोबर आहे. दोघींनी चोवीस तास एकत्र राहायलाच हवं असं नाही हे आम्ही लिहूनच ठेवलंय. रोज एक तास आपापला.

होआ लूला टॅक्सीनं जाऊ. ९६८ मध्ये दिन्ह बो लिन्हनं इथं राज्य स्थापलं. लहानपणी तो म्हशी राखायचा आणि गवताच्या तुऱ्यांचे झेंडे करून पोरांच्या लढाया खेळायचा, असं सांगतात. ताईला ऐकताच मावळातली पोरं आठवली. व्हान लाँगच्या पाणथळीत पाठीमागून पांढरी विजार घातल्यासारखी दिसणारी काळी वानरं आहेत, डेलाकूर लंगूर नावाची. दिसली तर दिसली.

बेट. ताम कॉकहून कॅट बाला थेट बस आहे, चार-साडेचार तास, त्यात खाडीवरची फेरीबोट आली. हाय फोंगच्या बाजूनं कॅट हायपर्यंत पाच किलोमीटरहून लांब पूल २०१७ मध्ये झाला, त्यामुळं आता पाण्यावरचा टप्पा छोटासाच उरलाय.

इथं बहुतेक लोक जहाजावर रात्र काढतात. आम्ही नाही. जहाजात अरुंद जिने असतात, आणि चोवीस तासांत चेक-इन, कयाक, गुहा, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक, सूर्योदयाचा व्यायाम असा तास-तासाचा कार्यक्रम. राजस्थानची शिट्टी मला ऐकू यायला लागली. त्याऐवजी बेटावर समुद्राकडं तोंड असलेली खोली आणि लान हा नावाच्या उपसागरात एक दिवसाची बोट. पुतणीनं काळजीनं फोन केला होता, जुलै २०२५ मध्ये हा लाँगला वादळात बोट उलटून माणसं गेली, तुम्ही कशाला जाता. तिची भीती खरी आहे, मी ती उडवून लावली नाही. बोटीचा दिवस तीनांपैकी कुठलाही ठेवलाय, हवामान बघून तिथंच ठरवणार. वारा असेल तर जाणार नाही, पैसे गेले तरी. आणि बोट सुटल्यापासून परत येईपर्यंत तरंगण्याचं जॅकेट अंगावर.

नोव्हेंबरअखेर पाणी पोहण्याइतकं गरम नसतं. आम्हाला पोहता येत नाही. किनाऱ्यावर बसायचंय. कॅट बाचं लंगूर जगात दुसरीकडं कुठंच नाही आणि उरलेत शंभराच्या आत. ते दिसणं दुर्मीळच. मात्र डोंगराच्या पोटातलं रुग्णालय बघायचंय. १९६३ ते ६५ मध्ये गुहेत तीन मजली बांधलेलं, बॉम्बहल्ल्यांपासून लपून शस्त्रक्रिया करायला. ताई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिथं तिला पायऱ्या चढायच्या आहेत, असं तीच म्हणाली. सावकाश चढू.

कागदपत्रांचं थोडक्यात. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच भरा, एका प्रवेशाचे २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव धरून. आमच्याकडून एकदा राहिलं होतं, वेळेत लक्षात आलं. पैशांचं, शंभर रुपयांचे साधारण तीस हजार डाँग होतात. वीस हजाराची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत, म्हणून पाच लाखांच्या नोटा आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवणार. प्रवास विमा घेताना ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रक्तदाब दोन्ही लिहून दिलं. हप्ता वाढला, वाढू दे.

ताई तासगावात रोज सकाळी चाळीस मिनिटं चालते आहे. मेमध्ये दहा मिनिटांत बसावं लागायचं. आज साडेसहाला तिचा फोन आला. दम लागलेला, मागं शाळेच्या प्रार्थनेचा भोंगा. "ऐक," म्हणाली आणि तीनदा म्हणून दाखवलं, "कोम चाय. कोम चाय. कोम चाय." सूर सरळ, कुठंही चढला नाही.